चोथ्याची पैज

दावं सुटताच म्हातारी गाय दोन पावलं पुढे आली आणि थबकली. समोर दोन गव्हाणी. एकीत सासऱ्याने घातलेली विकतची पेंड, दुसरीत सुनेने घातलेला संत्र्यांचा चोथा.

सून रसाच्या कारखान्यात कामाला होती. रस काढून उरलेला चोथा तिथे ढिगाने फेकला जायचा. इकडे पेंड इतकी महागली होती, की सहा गाई पोसताना सासऱ्याची दमछाक व्हायची. "फुकटचा चोथा घालून तर बघा," असं ती महिनाभर सांगत होती. रोज दोन टोपल्या घेऊन यायची. सासरा त्या गोठ्यामागे ओतून यायचा. "माझ्या गाई कचरा खायच्या नाहीत," हे त्याचं पालुपद.

शेवटी त्यानेच पैज लावली. गाय चोथ्यात तोंड घालेल, तर सगळ्या गाई राहतील. पेंडीत घालेल, तर दोन विकायच्या. गुरांचा व्यापारी टेम्पो घेऊन फाटकाशी उभाही होता.

गाईने चोथा हुंगला. सुनेचा जीव टांगणीला लागला. गाईने फुस्स करून नाक फेंदारलं, वळली आणि सासऱ्याच्या गव्हाणीत डोळ्यांपर्यंत तोंड खुपसलं.

व्यापाऱ्याने टेम्पोचं फळकं पाडलं. सुनेचे डोळे भरून आले, पण शब्द तो शब्द. तीच पुढे झाली आणि कोपऱ्यातल्या तांबडीचं दावं सोडू लागली. तांबडीला तिनेच बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं.

"थांब सूनबाई," सासरा म्हणाला. "आधी माझ्या गव्हाणीत हात घालून बघ."

तिने हात घातला. वर पेंडीचा नुसता पातळ थर होता. खाली चोथाच होता. पण कोरडा, कुरकुरीत, भुशात कालवलेला.

"बाबा, हे काय?"

"अगं, ओलागच्च चोथा हिला कसा रुचेल? मी तो मागे उन्हात वाळवतो, भुसा-मीठ लावतो. आठवडा झाला, सगळ्या चाटूनपुसून खातायत."

मग त्याने व्यापाऱ्याला हात केला. "रिकामाच न्या टेम्पो. सुनेला चोथा कसा घालायचा ते दाखवत होतो."

व्यापारी मान हलवत, हसत गेला. सुनेला हसावं की भांडावं कळेना.

"मग गाई विकायच्याच नव्हत्या, तर त्याला कशाला बोलावलंत?"

सासऱ्याने टेम्पो वळणाआड जाऊ दिला.

"सुनेने सासऱ्याला शहाणं केलं, असं लोक म्हणाले असते. आता उलटं म्हणतील. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून तर बोलावला."