दहावा अभिप्राय

“बाबा, आत्या कधीपासून अर्धविराम द्यायला लागली?”

मुलीने फोन त्याच्यापुढे धरला. चहाचा कप त्याच्या हातातच राहिला. पडद्यावर पाच तारे होते, त्याच्या बहिणीचं नाव होतं आणि खाली मजकूर होता: ‘मला ऐकू कमी येते; परंतु या ॲपमुळे जगणे सुकर झाले.’

“आणि मामा कधी बहिरा झाला?”

त्याने कप खाली ठेवला. त्याच्या मेहुण्याचे कान इतके तिखट, की शेजारच्या घरातली कुजबुजही त्याला ऐकू जायची.

एकतीस वर्षं त्याने छापखान्यात मुद्रितं तपासली होती. छापखाना बंद पडला आणि चोपन्नाव्या वर्षी तो मुलीकडून कोडिंग शिकला. समोरचा बोलेल ते फोनवर अक्षरांत दाखवणारं ॲप त्याने दीड वर्ष खपून तयार केलं. ते बाजारात आलं तेव्हा तसली ढीगभर ॲप आधीच ठाण मांडून बसली होती. महिनाभर कोणी फिरकलं नाही. बायको रोज विचारायची, “आलं का कोणी?” शेवटी, महिन्यापूर्वी नातेवाईक जमले तेव्हा त्याने एकेकाचा फोन मागून घेतला आणि नऊ अभिप्राय लिहून टाकले. बायकोने ते कौतुकाने शेजारीपाजारी वाचून दाखवले.

“ज्यांना खरंच ऐकू येत नाही ते यावर विश्वास ठेवतील, बाबा,” मुलगी हळूच म्हणाली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. त्याला मान वर करता येईना.

त्याच सकाळी त्याने नऊ जणांना फोन करून अभिप्राय काढायला सांगितलं. मेहुणा म्हणाला, “काढू कशाला? चांगलं लिहिलंय की मी!”

“तू नाही, मी लिहिलंय,” हे सांगताना त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

बायकोला सांगणं सगळ्यात जड गेलं. तिने ऐकून घेतलं. “म्हणजे इतके दिवस मी लोकांना तुमचंच वाचून दाखवत होते?” एवढंच म्हणाली आणि भांडी आवरायला लागली.

संध्याकाळपर्यंत नऊही अभिप्राय गेले. ओकंबोकं पान उघडायचा त्याला धीर होईना. उघडलं, तर तळाशी एक उरला होता. तो त्याने लिहिलेला नव्हता. रोज तो स्वतःचंच कौतुक वाचून परत फिरायचा. त्याच्या खाली कधी गेलाच नव्हता.

‘ह्याना आजीबात ऐकु येत नाही तुमच्यामुळे आकरा वर्षानी आम्ही दोघ पोटभर भांडलो खुप बर वाटल आक्षर मोठी कराल का नीट दीसत नाही त्याना’

तारीख तेवीस दिवसांपूर्वीची होती.

इतक्या चुका, पण एकही सुधारायला त्याचा हात पुढे झाला नाही. त्याने मुलीला हाक मारली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोघांनी मिळून ॲपमधली अक्षरं दुप्पट मोठी केली. मग अभिप्रायाखाली त्याने उत्तर लिहिलं: ‘अक्षरं मोठी केली आहेत. फार उशीर झाला, याची लाज वाटते. माफ करा.’

तासाभरात त्या बाईंनी आपला मजकूर बदलला.

‘उशीर कसला मी सगळ्याच आपवाल्याना लीहील होत पहील उत्तर तुमचच आल’