विसण

रंगनाथांच्या आंघोळीचं पाणी लग्नापासून बायडाबाईच काढत आल्या होत्या, आणि ते पाणी रंगनाथांना कधी एकदाही पसंत पडलं नव्हतं. जरा कोमट झालं की "बर्फ टाकलास काय?" आणि जरा कढत झालं की न्हाणीतून आरोळी, "बायडे, विसण आण!" मग तव्यावरची भाकरी तशीच सोडून बायडाबाईंनी गार पाण्याची कळशी घेऊन पळायचं.

त्यांचा लेक शेखर अंबडच्या कारखान्यात कामाला. त्यानं जुन्या मॅटॅडोरमध्ये पलंग आणि शेगडी बसवून तिची झोकात कॅरॅव्हॅन केली, आणि आईवडिलांना फिरायला काढलं. बायडाबाई एकाच अटीवर गाडीत चढल्या. "घरी परत येईस्तोवर मी कुणाच्या आंघोळीचं पाणी काढणार नाय."

कसारा घाट उतरून गाडी थांबली ती एका खेड्यातल्या गरम पाण्याच्या कुंडावर. रंगनाथ पंचा नेसून ऐटीत पायऱ्या उतरले, चार लोकांदेखत 'हर हर' म्हणत थेट कमरेइतक्या पाण्यात शिरले आणि आले त्याच्या दुप्पट वेगानं बाहेर पडले. लालबुंद झालेले, एकेका पायावर नाचत, सवयीनं ओरडले, "बायडे! विसण आण, विसण!"

बायडाबाई गाडीतल्या पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या. त्यांनी खिडकीचा पडदा जरासा बाजूला केला.

"आज पाणी देवानं काढलंय. विसण त्यालाच मागा."