सकाळची प्रत

"मावशी, बाळाचं डोकं बाहेर आलंय, पण खांदा अडकलाय ना? मग ओढू नका. सुनेचे गुडघे तिच्या पोटाशी दाबून धरा."

"धरते, पण फोन ठेवू नका हो, डाक्टरीणबाई!" पाड्यावरची जनामावशी रडकुंडीला आली होती.

डॉ. मृणाल सबनीस धीर देणार, तोच सूचना आली: सकाळची गर्दी संपली, मिनिटभरात ही प्रत बंद होईल. फोनवर रुग्ण पाहणाऱ्या मृणालच्या मनाच्या साठ प्रती सकाळी संगणकावर चालत. मावशीशी बोलणारी ही त्यांतलीच एक. दुपारी दोनच उरत, आणि आज त्या दोघींपुढे रुग्णांची रांग होती; हा फोन त्यांच्याकडे सोपवता येणार नव्हता.

तिने मुदत मागितली. नकार आला. हा नियम खऱ्या मृणालनेच घातला होता, आणि तो घालतानाचा विचार प्रतीला स्वतःचा म्हणून आठवत होता: रुग्णाचं निमित्त करून कुठलीही प्रत आणखी जगायला मागेल, तेव्हा ऐकायचं नाही.

बाळाचा खांदा अजून अडकलेलाच होता.

"मावशी, मला जावं लागतंय. पुढचं सगळं एकदाच सांगते, मध्ये बोलू नका."

"जाताय? अहो, अशा वेळी कुठं जाताय?" मावशी विचारू लागली, आणि तिच्या विचारण्यातच ते मिनिट संपलं.