हातभर उघडी माती

सासूबाईंचा उजवा हात लुळा पडला, म्हणून बत्तीस सालच्या दादर ज्वारीच्या पेरणीत बैलांच्या पाभरीवरच्या वाटीसारख्या चाड्यात मुठीनं दाणे सोडायचं काम पहिल्यांदाच केशरकडे आलं. भाऊबंद बांधावर उभे होते. केशर पुन्हा पुन्हा तिकडेच पाहत होती. "लोकेसकडे देखू नको," सासूबाई म्हणाल्या, "मूठमाना दाना देख." बैल निघाले. केशर दाण्यांपाशीच राहिली. एक सुटला, मग पुढचा. बांधावरची माणसं ती कधी विसरली, तिला कळलंच नाही. शेवटची ओळ पेरताना पाभर हाकणारे सासरे म्हणाले, "शाबास! सासूपेक्षा भारी शे!" केशरनं हसून बांधाकडे पाहिलं. आठवड्यानं रान उगवलं. पहिली ओळसुद्धा भरलेली होती. फक्त शेवटच्या ओळीत हातभर माती उघडी होती. केशरनं मान खाली घातली. सासरे रागावणार, तोच सासूबाई त्यांना म्हणाल्या, "मन्ही पहिली पेरनीमाबी इतलीच जागा ऱ्हायनी व्हती. तव्हयबी तुम्हीच शाबास म्हनेल व्हतं."