अर्ध्या तिकिटाची सवत

लोहाऱ्याच्या स्टँडबाहेर तुळजापूरची जीप भरणाऱ्या श्रीमंतला एसटी दिसली की सवत दारात आल्यासारखं व्हायचं. बायकांना अर्धं तिकीट झालं आणि त्याच्या सवाऱ्या डोळ्यांदेखत तिकडं चढू लागल्या. "सरकारनं धंद्यात पडूच नये," तो पानटपरीवर तणतणायचा. "आमच्याच टॅक्सवर बस पळवायची अन् आमच्याच पोटावर पाय! बाजार मोकळा सोडा, मग बघू माणसं कुणाकडं येत्यात."

रिकाम्या जीपमध्ये कुणी पाय ठेवत नाही, म्हणून तो आपल्या बायकोला, वर्षाराणीला, रोज पिशवी देऊन पुढच्या सीटवर बसवायचा. खऱ्या सवाऱ्या भरल्या की ती कोपऱ्यावर उतरून घरी जायची.

आज एसटी लागली तशा जीपमधल्या सगळ्या बायका भराभर उतरल्या. दातओठ खात श्रीमंतनं वळून पाहिलं, तर पुढची सीटही रिकामी.


एसटीच्या खिडकीतून वर्षाराणी ओरडली, "अवो, लगीन झाल्यापासनं तुळजापूरच्या जीपमधी बसून कोपऱ्यावरच उतरते मी. आज अर्ध्या तिकिटात तुळजापूर बघून येते!"