शेवटचा हात

डेमो चालू असताना सरांनी पगाराचा आकडा बदलला आणि प्रोग्राम क्लायंटच्या डोळ्यांदेखत कोसळला.

"मृणाल, बघ गं जरा."

कोड सरांचाच होता. पगार साठवणारं फंक्शन साठवण्यासाठी स्वतःलाच बोलावत होतं, ते पुन्हा स्वतःला. अखेर पायथन या संगणकभाषेने हात टेकले. आतल्या साठवणीचं नाव फंक्शनच्या नावाहून वेगळं ठरावं म्हणून त्याआधी अंडरस्कोअर, म्हणजे खालची छोटी रेघ, द्यायचा राहिला होता. प्रोबेशनवरच्या मृणालने तो दिला. प्रोग्राम चालू लागला.

सोमवारी चौकशी झाली. कोडच्या प्रत्येक ओळीपुढे शेवटचा हात लावणाऱ्याचं नाव दिसतं. त्या ओळीपुढे मृणालचं होतं. मॅनेजमेंटने तेवढंच वाचलं आणि तिला कायम करायचं नाही असं ठरलं.

"सर, तुम्ही तरी सांगा, मी फक्त चूक दुरुस्त केली."

"हो ना," सर मायेने म्हणाले. "चूक तुझी नव्हती, तर दुरुस्त कशाला करायला गेलीस?"