कॉफीवाल्या पोरी

"कॉफी पेनाऱ्या पोरीयले काय द्यावं, भाऊ?"

इंद्रभानने दुकानाच्या पायरीवरूनच विचारलं. धनतेरसचा दिवस. कारंज्याच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती आणि रऊफभाईच्या भांड्यांच्या दुकानात बायांची ही गर्दी. तरी रऊफभाईनं त्याला आत बोलावून स्टूल दिलं.

"किती पोरी?"

"दोन. पुन्याच्या. आमच्या निकितासंग एका खोलीत राहत होत्या. एक आरजू, नागपूरची. एक वैजयंती, साताऱ्याकडची."

दरवर्षी दिवाळी करून निकिता पुण्याला निघाली, की तिची आई सोनीबाई त्या दोघींसाठी चिवड्या-अनारशांचा डबा बांधून द्यायची. यंदा धनज गावातल्या त्यांच्या घरात तळण लागलंच नव्हतं. निकिताला जाऊन सात महिने झाले होते. तापाचं निमित्त झालं आणि नऊ दिवसांत पोरगी गेली. ते नऊ दिवस या दोघी दवाखान्याच्या बाकावरून उठल्या नव्हत्या. आज सकाळी सोनीबाईनं नवऱ्याच्या हातात पिशवी दिली. "पोरीयचं चुकवू नका," ती म्हणाली. "डबा नाही त नाही. त्या कॉफीवर जगतात म्हने. कॉफीचंच पाहा काही."

रऊफभाईनं आधी मोठाले कप काढले.

"कप त कोनीबी देते," इंद्रभान म्हणाला.

मग रऊफभाईनं स्टीलचं एक गाळणीचं भांडं पुढे ठेवलं. "याच्यात वरतून गरम पानी टाका, खाली काळी कॉफी उतरते. अन् हे पाहा, बॅटरीची रवी." त्यानं पेल्यातल्या पाण्यात ती फिरवून दाखवली. पाणी घुर्रर्र करत काठावर आलं. बाजूच्या बाया हसल्या. "दुधाची कॉफी असली, का असा फेस काढते. आता सांगा, कोनती पोरगी कशी पेते?"

इंद्रभानने तोंड उघडलं आणि तो तसाच थांबला.

निकितानं सांगितलं होतं. मागच्या दिवाळीत ओट्यावर बसून अगदी नकला करून करून सांगितलं होतं. एक काळीच पिते, बिनसाखरेची, तोंड कडू करून, औषधासारखी. दुसरीला वर तीन बोटं फेस लागतो, नसला तर रुसून बसते. तो तेव्हा सोयाबीनच्या पोत्यांची तोंडं शिवत होता. शिवता शिवता 'हं, हं' म्हणत होता. पण काळी पिणारी कोणती आणि फेसवाली कोणती?

"भाऊ, लेकीलेच लावा न फोन," रऊफभाई म्हणाला. "एका मिनिटाचं काम."

"लेक नाही न आता."

रऊफभाईनं हातातली रवी बंद केली.

"तिनं सांगतलं होतं मले," इंद्रभान खाली पाहत म्हणाला. "म्याच ध्यान देऊन आयकलं नाही."

रऊफभाईनं फळीवरून आणखी एक भांडं काढलं, आणखी एक रवी काढली आणि दोन वेगवेगळी खोकी भरली. "दोघीले दोन्ही देऊ," तो म्हणाला. "जिले जे लागन ते घेईन." मग गिऱ्हाईक तसंच सोडून तो स्वतः शेजारच्या किराणा दुकानात गेला आणि कॉफीची दोन पुडकी घेऊन आला. "मी बी चहाच पेतो. पन वास चांगला हाय याचा, पाहा." इंद्रभानने पुडकं नाकाशी धरलं. बराच वेळ धरलं. मग त्यानं ते स्वतःच्या हातानं खोक्यात नीट बसवलं.

कुरिअरचं ऑफिस बसस्टँडजवळ. तिथेही रांग. खिडकीतल्या मुलीनं दोन्ही पत्ते टाइप केले, वजन केलं. "पाठवणाऱ्याचा मोबाइल नंबर?"

इंद्रभानने तो एका दमात सांगितला. पाच वर्षं तो हाच नंबर सांगत आला होता. सोयऱ्याधायऱ्यांना, गावातल्या गुरुजींना, पुण्याला निघालेल्या कोणालाही. काही अडचण आली त आमच्या पोरीले फोन करजा. स्वतःचा नंबर त्याला कधी पाठच झाला नव्हता.

"काका, ओटीपी गेला बघा त्या नंबरवर. सांगा."

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, आपण कोणाचा नंबर दिला.

"फोन जवळ नाही का? दुसरा नंबर टाकू?"

"थांब बाई. एक मिनिट." त्यानं घरी फोन लावला. "निकिताच्या फोनवर काही आलं का, पाह्य बरं."

निकिताचा फोन सोनीबाई रोज चार्जिंगला लावायची. महिना भरला की रिचार्ज करून घ्यायची. त्याचं कुलूप घरात कोणालाच उघडता येत नव्हतं.

पलीकडून पावलं ऐकू आली. मग कपाटाचं दार.

"आलं हो," सोनीबाई म्हणाली. तिला धाप लागली होती. "कोनी पाठोलं? आकडे दिसून राह्यले वरतून."

"वाच."

"चार," ती म्हणाली. एकेका आकड्यावर थांबत, जपून, जणू हातातून काही सांडेल. "शून्य. सात. अजून सात. दोन. एक."

तो एकेक आकडा खिडकीत सांगत गेला. पावती आली. दोन्ही खोकी मागच्या पोत्यात पडली.

"झालं," तो फोनमध्ये म्हणाला. "पोरीयचं पाठोलं. ठेवतो आता."

"पन तो मेसेज कोनाचा होता?"

"माह्याच कामाचा होता. म्याच मांगवला असा समज."

मागचा माणूस पुढे सरकला. इंद्रभान रांगेतून बाजूला झाला. सोनीबाईनं फोन ठेवला नव्हता.

"पोरीच्या फोनवर दिवसभर कंपन्यायचेच येतात," ती म्हणाली. "आपल्या मानसाचा एकबी येत नाही. तुमाले पाठोता येते, त पाठोत जा न एखांदा."